टाकी किती वर आली?

शेगडी उगाच पेटती ठेवलेली मला सहन होत नाही. सून म्हणते, आई, दोन मिनिटं गॅस जळाला तर काय बिघडलं? बिघडत काहीच नाही. एक सिलिंडर संपला की दुसरा येतो. पण चहा उतरवून झाला आणि निळी ज्योत तशीच फडफडत राहिली की माझा जीव खालीवर होतो आणि तोंडातून नको ते निघतं. सून शिकलेली आहे, उलटून बोलत नाही, पण मनात म्हणत असेल की म्हातारी चिक्कू आहे. म्हणू दे. मागे आमच्या वाशीमच्या कॉलनीत काही तरुण मंडळी आली होती. हवामान बदलतंय, घरातलं इंधन कसं वाचवायचं, हे सांगत फिरत होती. त्यांनी रंगीत कागद वाटले. त्यावर शेणाच्या गॅसचं चित्र होतं. एक मुलगी मला म्हणाली, आजी, हे तुमच्यासाठी नवीन असेल. मी कागदाची घडी केली आणि घरात आले. तिच्याशी भांडून काय मिळणार होतं? ज्या बाईला हा कागद दाखवायचा, ती त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातच गेली.

ती माझी सासू. मी लग्न होऊन किन्हीराजाकडच्या एका गावात आले. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गाव नाल्याच्या एका बाजूला, आमची वस्ती दुसऱ्या बाजूला. वस्तीतल्या सगळ्या घरांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. माझा नवरा कामरगावकडच्या एका शाळेत मास्तर होता. शनिवारच्या एसटीनं यायचा, सोमवारच्या एसटीनं जायचा. सगळी वस्ती त्याला मास्तर म्हणायची, म्हणून त्याच्या माघारी मीही मास्तरच म्हणायची. आठवड्याचे बाकीचे दिवस घरात आम्ही दोघी, आणि दावणीला एक गाय अन् तिचा गोऱ्हा.

सासूला मी आत्याबाई म्हणे. अंगानं काडी, जिभेनं विळा. तिची एक गोष्ट वस्तीतल्या पोराटोरांना पाठ होती. छप्पनच्या आधी आमच्या बायकांना गावातल्या मोठ्या घरचा गोठा झाडावा लागायचा. गोठ्यात चाळीसेक ढोरं. पहाटे जायचं, शेण टोपल्यात भरायचं, डोक्यावरून उकिरड्यावर नेऊन टाकायचं, आणि त्याच्या बदल्यात रात्रीच्या उरल्या भाकरी. शेणाचं पाणी कपाळावरून तोंडात उतरायचं, असं ती सांगे. दीक्षा घेऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी ती गोठ्यावर गेली, रिकामं टोपलं दारात पालथं घातलं आणि मालकिणीला म्हणाली, "आजपासून दुसऱ्याच्या ढोराचं शेण माया डोक्यावर चढनार नाही." मग सरळ घरी आली. त्यानंतर तिनं फक्त स्वतःच्या गाईच्या शेणाला हात लावला, आणि तोही असा की गाईवर उपकारच चाललेत.

ह्या बाईला धुरानं खाल्लं. आमच्या घराला खिडकी नव्हती. चूल कोपऱ्यात, वर काळं झालेलं छप्पर. गोवऱ्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या पेटल्या की आढ्यापासून कमरेपर्यंत धूर उभा राही आणि बाई त्याच्याखाली वाकून भाकरी करी. तिचे डोळे सदा लाल, पाझरते. आणि खोकला. भाकरी थापता थापता उबळ आली की ती परातीवर ओणवी व्हायची आणि बराच वेळ तशीच राहायची. मी पाठ चोळायची, तेव्हा हाताला नुसत्या बरगड्या लागायच्या. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. ही बाई मला टोचून बोलली नाही असा दिवस उगवला नाही, पण माझ्या ताटात पहिली भाकरी वाढल्याशिवाय ती स्वतः कधी जेवली नाही. ती जगली पाहिजे, एवढंच माझं मागणं होतं.

मी तिला मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे पाहिले आणि विचारलं, "स्वयंपाक कशावर करता?"

"चुलीवर," आत्याबाई म्हणाली. "तुमच्या घरी कायच्यावर करतेत?"

डॉक्टर हसले, पण मग सरळ बोलले. छातीत धूर बसलाय, म्हणाले, चूल आहे तोवर माझ्या गोळ्यांचा उपयोग नाही. परतताना एसटीत तिनं शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "डॉक्टर म्हनते जेवन बंद करा." ती बाई हळहळली. आत्याबाई खिडकीकडे तोंड करून हसली आणि हसता हसता तिला उबळ आली.

त्याच हिवाळ्यात पंचायत समितीकडून एक साहेब आले. समाजमंदिरात सतरंजी टाकली. साहेबांनी सांगितलं, जमिनीत विहिरीसारखा खड्डा बांधायचा, त्यात शेण आणि पाणी कालवून सोडायचं, वर लोखंडी टाकी पालथी घालायची. आत गॅस तयार झाला की टाकी आपोआप वर उचलली जाते. नळीनं तो गॅस शेगडीला आणायचा. धूर नाही, काजळी नाही, शिवाय उरलेला शेणाचा काला शेताला खत. झाडं तोडायला नकोत, गोवऱ्या जाळायला नकोत. सगळे माना हलवत होते. शेवटी साहेब म्हणाले, घरी चार-पाच मोठी जनावरं पाहिजेत. तशा माना हलायच्या थांबल्या. चार-पाच जनावरं असलेलं घर वस्तीत एकही नव्हतं.

माझी चुलत जाऊ शेजारीच राहायची. मोठी हसरी आणि तोंडाची फटकळ. ती मागून म्हणाली, "चार घरची ढोरं मियून होतेत ना चार-पाच. अन् चार घरच्या बाया एका शेगडीवर रांधतीन. ढोरं नांदतीन, बायाइचं काई सांगता येत नाई." सगळे हसले. साहेबही हसले, आणि म्हणाले, का नाही, करता येईल.

मी मास्तरच्या मागे लागले. त्यानं अर्ज, खेपा, सगळं केलं. चार घरच्या पुरुषांनी आमच्या परसात खड्डा खोदला. खाली काळी माती, मग मुरूम, मग पिवळा धोंडा लागला. विटांचं बांधकाम झालं. टाकी फाट्यापर्यंत ट्रकनं आली आणि तिथून बैलगाडीत दोरांनी बांधून वस्तीत आली, तेव्हा नवरी पाहायला यावी तशी नाल्यापलीकडून गावाची माणसंसुद्धा पाहायला आली. खड्ड्याशेजारी आम्ही टिनाची छपरी उभी केली. तिथे दोन तोंडांची शेगडी ठेवायची आणि चारही घरांनी पाळीपाळीनं रांधायचं, असं ठरलं.

मग शेणाचा प्रश्न आला. आमच्याकडे ढोरं दिवसभर घरी नसतात. सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, म्हणजे आखरावर, सगळ्या गावाची गुरं जमतात. तिथून ढोरकी त्यांना चरायला नेतो आणि दिवस बुडता परत आणतो. दिवसभराचं शेण आखरावर आणि रानात पडतं. आखरावरचं शेण चालीरीतीनं ढोरक्याचं. आमच्या हाती लागायचं ते फक्त रात्रीचं. त्यानं खड्ड्याचा तळही झाकेना.

तेव्हा मोठ्या घरचा गडी निरोप घेऊन आला. आम्ही बाया छपरीतच बसलो होतो. तो अदबीनं बोलला. "मालकीन म्हनते, आमच्या गोठ्यातलं सारं शेण घेऊन जा. एक पैसा नोको. फकत सकाळी येऊन तुमचं तुमी झाडून न्या."

सगळ्यांनी आत्याबाईकडे पाहिलं. निरोपात वाईट काही नव्हतं, कदाचित मालकिणीच्या मनातही नसेल. माझी जाऊ हळूच म्हणाली, "शेण तं शेणच हाय, आत्याबाई."

"शेण शेणच हाय," आत्याबाई म्हणाली. "पन झाडनं झाडनं हाय." मग गड्याकडे वळून म्हणाली, "मालकिनीले सांग, लय मेहरबानी. आमाले नाई जमनार."

गडी गेल्यावर मी तिच्यावर ओरडलेच. तुमच्या छातीचं काय, म्हटलं. मला तेव्हा तिचा हट्ट डोळ्यांसमोर नको झाला होता. ती शांतपणे म्हणाली, "धुरानं मेली तं मी एकली मरीन. तू त्या गोठ्यात वाकली तं आमी सारे छप्पनच्या आंधी गेलो." मी भांडी आपटली.

तोडगा तिनंच काढला. ढोरं आखरावर पाठवायचीच नाहीत. चारही घरांनी ती दावणीला बांधून ठेवायची आणि चारा आपण आणायचा. मग दिवसाचंही शेण आपलं. ढोरकी रुसला, त्याची चार घरं कमी झाली. गावानं वेड्यात काढलं. ढोरं बसून खाणार आणि बाया चरायला जाणार, असं म्हणून लोक हसले. आम्ही खरोखरच चरायला जाऊ लागलो. बांधावरचं, नाल्याकाठचं, मिळेल तिथलं गवत विळ्यानं कापून भारे आणायचे. त्या साली गवत होतं. कंबर मोडली, पण खड्डा भरला.

टाकी पहिल्यांदा हलली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आत्याबाई रोज सकाळी उठून आधी टाकीपाशी जायची, दूध उतू आलं का पाहावं तशी. काठावर हात ठेवायची आणि यायची. एके सकाळी तिथूनच तिनं हाक मारली, "पोरी, आली वं. चार बोटं वर आली." आम्ही सगळ्या धावलो. मास्तर रविवारचा घरी होता. त्यानं साहेबांनी सांगितल्याप्रमाणे हवा मिसळलेला पहिला गॅस नुसताच सोडून दिला, तर म्हातारी त्याला बोल बोल बोलली, की एवढ्या मेहनतीचं असं हवेत काहून सोडून राह्यला. पुढच्या रविवारपर्यंत टाकी पुन्हा भरली आणि त्यानं काडी लावली. भक्क आवाज झाला. निळी ज्योत, बारीक, गोल. धूर नाही. आत्याबाई तिच्याजवळ बसून राहिली. वर तवा नाही, भांडं नाही. तिनं विचारलं, "शेणाचा वास कुठी जाते?" ती मग रडली. माझ्यासमोर ती पहिल्यांदा रडली, आणि डोळे पुसताना म्हणाली, हे धुराचं पानी नव्हं बरं.

त्याच दुपारी तिनं कुदळ घेतली आणि घरातली चूल फोडली. मी अडवलं. राहू द्या, अडीनडीला लागेल, म्हटलं. ती म्हणाली, "नडीले ठेवली का नड येतेच." तिचं पाहून बाकीच्या तिघींनीही आपापल्या चुली फोडल्या. आता वाटतं, दुसरं कोणी असतं तर चूल कोपऱ्यात तशीच ठेवली असती. पण आमच्या वस्तीची माणसं अशीच. जे सोडायचं ते पालथं घालून सोडायचं, परत उचलता येणार नाही असं. गोवऱ्याही त्या वर्षी कोणी थापल्या नाहीत. सगळं शेण खड्ड्यात. जुन्या गोवऱ्यांचा ढीग होता तो आत्याबाईनं वस्तीच्या लग्नांना देऊन टाकला.

एक वर्ष सुखाचं गेलं. सुखाचं म्हणजे भांडणाचं. सकाळी चौघींची रांग, कोणाचं वरण अजून शिजलं नाही म्हणून कोणाची भाकरी अडलेली. जाऊ म्हणायची, माह्या डाळीले नजर लावता. रोज सकाळी सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, टाकी किती वर आली? आत्याबाई मापून सांगायची. हातभर म्हणजे चौघींचं पोटभर. वीतभर म्हणजे आज वरण नाही, ठेचा-भाकर. नुसती चार बोटं भरली की ज्याच्या घरी लहान लेकरू त्याचंच. तिचा न्याय कोणी मोडला नाही. एक बाई चहासाठी दुसऱ्यांदा शेगडी पेटवताना सापडली तर आत्याबाईनं तिला असं झापलं की तिनं महिनाभर चहा सोडला. आणि तिचा खोकला उतरला. पूर्ण गेला नाही, पण ती एका दमात नाल्यापर्यंत जाऊन यायला लागली. डोळ्यांची लाली कमी झाली. मला वाटायचं, आपण हिला मागे ओढून आणलं.

मग पावसानं दगा दिला. आदल्या सालीच तो रडतकढत झाला होता. बहात्तरला आलाच नाही म्हणावं इतका थोडा. ज्वारी वीतभर वाढून करपली. बांधावर गवत उगवलं नाही. आखरावर जाणारी गुरं निदान चार कोस हिंडून काहीतरी कुरतडत होती. आमची दावणीला बांधलेली होती, आणि आम्ही विळे घेऊन रिकाम्या हातानं परत येत होतो. पुन्हा ढोरक्याकडे गेलो तर तो म्हणाला, आता न्यायलेच काय उरलं? त्याचीही चूक नव्हती. आधी जावेचे बैल बाजारात गेले, मग पलीकडच्या घरची म्हैस. कोणाचं काय झालं हे आम्ही एकमेकींना विचारत नव्हतो. सकाळी दावणीला दोर लोंबताना दिसला की कळायचं. शेवटी आमची गाय. मास्तरनं तिला बाजाराकडे नेलं तेव्हा आत्याबाईनं तिच्या पाठीवर हात फिरवला आणि घरात जाऊन बसली.

गोऱ्हा होता तोवर खड्ड्यात थोडं शेण पडत होतं. पण जितकं शेण तितकंच पाणी लागतं, नाही तर काला घट्ट होतो आणि गॅस धरत नाही. वस्तीच्या विहिरीचा तळ दिसायला लागला होता. वाटीवाटीनं पाणी खरवडून आम्ही घागर भरायचो. त्यातलं खड्ड्यात ओतायचं कसं? जाऊ एकदा घागर घेऊन शेण कालवायच्या कुंडीपाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "माह्यं लेकरू तहानलं हाय. मी हे शेणात कशी ओतू, सांग तू." ती घागर घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी मीही ओतलं नाही. टाकी खाली बसत गेली. आत्याबाई रोज हात लावून यायची, पण माप सांगेनाशी झाली, आणि आम्हीही विचारेनाशा झालो. एके दिवशी टाकी तळाला टेकली आणि गोऱ्हाही विकला गेला.

आता रांधायचं कशावर? चारही घरच्या चुली फोडलेल्या. नवी चूल घालायची तर माती कालवायला पाणी नाही, सारवायला शेण नाही. तीन धोंडे मांडले. पीक बुडालेलं, तेव्हा तुराट्या नाहीत, पऱ्हाट्या नाहीत. गोवऱ्यांची एक रास शिल्लक असती तरी निभावलं असतं, ती आम्ही ठेवली नव्हती. बाभळीचे खुंट लोकांनी मुळांसकट उपटले. आम्ही रुईच्या काड्या, तरोट्याचे वाळके दांडे, नाल्यातलं काटेरी झुडूप, मिळेल ते जाळलं. पेट घेईना म्हणून सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा वर टाकायचो. त्याचा धूर काळा, चिकट, घशात गोंदासारखा बसणारा. त्यातच रेशनला लाल मिलो आली, परदेशातली ज्वारी. ती शिजता शिजेना. जिथं एक काडी पुरायची तिथं ढीग जाळावा लागायचा. आधी धूर होता तो गोवरीचा, ओळखीचा. हा धूर वैऱ्याचा होता.

मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मास्तरचा पगार होता, पण आता त्या पगारात तीन घरांची लेकरं जेवत होती, आणि आत्याबाईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी कामावर गेले की स्वयंपाक ती करायची. नका करू, मी आल्यावर करीन, असं रोज सांगायची मी. परत यावं तर घर धुरानं भरलेलं आणि ती तीन धोंड्यांपाशी ओणवी. एकदा मी चिडून जळतं लाकूड उचलून बाहेर फेकलं. ती म्हणाली, "खडी फोडून आलेल्या पोरीनं उपाशी काहून ऱ्हावं?" मी तिथंच मातीत बसले. मला इतका राग आला होता, आणि तो कोणावर काढावा तेच कळत नव्हतं. पावसावर रागावून होतं काय?

वस्तीपर्यंत पाण्याचा टँकर यायला लागला. तो विहिरीत ओतला की झिरपून जायचा आणि माणसं एकमेकांवर पडायची. पाणी धरून ठेवायला मोठं भांडं पाहिजे होतं. वस्तीत एकच होतं. पुरुषांनी दोर लावून ती लोखंडी टाकी खड्ड्यातून काढली, राखेनं आणि वाळूनं घासली आणि छपरीपाशी उताणी ठेवली. ती भरली तेव्हा वस्तीला बरं वाटलं, मलाही वाटलं. आत्याबाई त्या दिवशी घराबाहेर आली नाही. तिला पाणी नेऊन दिलं. तिनं तांब्या नाकाशी धरला, वास घेतला आणि प्याली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिनं अंथरूण धरलं. मंगरूळपीरच्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ह्या वेळी काही विचारलं नाही. गोळ्या दिल्या आणि मास्तरला बाजूला घेऊन सांगितलं. घरी आल्यावर ती बाजेवर टेकून बसे, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. भान कधी असे, कधी नसे. नसलं की विचारी, "पोरी, टाकी किती वर आली?" बाहेर टाकी उताणी पडलेली, तिच्यात टँकरचं पाणी. मी सांगायची, वीतभर आली. पुढे पुढे सांगायची, हातभर. ती म्हणायची, मंग आज वरण टाक.

भानावर असताना तिनं मास्तरला आणि मला जवळ बोलावलं. बोलायला खूप वेळ लागत होता. "मले जाळू नोका," ती म्हणाली. "मातीत ठेवा. मेल्यावर तरी मले धूर नोको." मास्तरनं तिचा हात धरला आणि हो म्हटलं. मीही हो म्हटलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी ती गेली. मी पाणी आणायला छपरीपाशी गेले होते, परत आले तेव्हा मान कलंडलेली होती. वस्ती जमली. मास्तरनं तिची इच्छा सांगितली. पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. वस्तीतले सगळ्यात थोरले म्हातारबा होते, आत्याबाईचे चुलत दीर, तिच्याबरोबरच दीक्षा घेतलेले. ते खाली मान घालून बोलले.

"मास्तर, छप्पनच्या आंधी आपल्याले पुरतच होते. काहून, तं आपल्याले लाकूड भेटत नव्हतं. दीक्षा घेतल्यावर आपन ठरवलं, आपलीबी माती इज्जतीनं जळन. हे तुयी मायच पह्यले बोलली होती. आज तिले पुरलं तं नाल्यापल्याड काय म्हनतीन? म्हनतीन, आले लेकाचे जाग्यावर."

त्यांचे डोळे भरले होते. मी बोलले. तिनं सांगितलंय, म्हटलं, तिला धूर नको होता, ती धुरानं मेली आहे. म्हातारबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, मले समजते. पन टोपलं तिनंच पालथं घातलं होतं. आता ते उताणं कोन करन? तू करशीन?"

गोठ्यात वाकू नको म्हणून जिनं मला अडवलं होतं, तीच बाई त्यांच्या तोंडून मला अडवत होती. मी मास्तरकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता. मी बाजूला झाले.

पण जाळायचं तर जाळणार कशानं? वस्तीत लाकूड नव्हतं. आमच्या घरात त्या दिवसापुरत्या रुईच्या काड्या होत्या. म्हातारबांनी आपल्या घराच्या छपराची एक बल्ली काढून आणली. मग जाऊ घरात गेली आणि तिनं तिच्या घरचं होतं नव्हतं ते सगळं जळण आणलं, काटक्या, एक खुंट, टायरचा तुकडासुद्धा. टायर मी तिच्या हातातून काढून घेतला आणि दूर फेकला. तिच्यामागून सगळी घरं निघाली. ज्यांनी दिवसभर नाल्यात हिंडून संध्याकाळच्या भाकरीपुरतं गोळा केलं होतं, त्यांनी ते आणून टाकलं. कोणी आपली बाज मोडली. पुरुषांनी सगळं उचलून नाल्याकाठी नेलं.

बाया तिकडे जात नसत. आम्ही चौघी छपरीत बसलो, मधे ती थंड शेगडी. दिवस कलला होता. एरवी ह्या वेळेला वस्तीवर धुराचं पांघरूण पडलेलं असायचं, लेकरं खोकत असायची. त्या संध्याकाळी एकाही घरात चूल पेटली नाही, पेटवायला काही उरलंच नव्हतं. वस्ती स्वच्छ दिसत होती, शेवटच्या घराची भिंतसुद्धा. नाल्याकाठून एकच धूर निघत होता, तिचा. वारा आमच्याकडे वाहत होता. तो धूर हळूहळू वस्तीत आला, टाकीवरून गेला आणि छपरीत शिरला. जाऊनं पदर नाकाला लावला. मी लावला नाही.